रिता काळ आणि बद्धमुक्त जीव

मनुष्याच्या दुःखांची गणना करू लागले असता भूक, तहान, व्याधी, वियोग, अपमान, मरणभय ही नावे प्रथम ओठांवर येतात. कंटाळ्याचे नाव त्या गणनेत सहसा कोणी घेत नाही. ज्याचे पोट भरलेले आहे, अंगावर वस्त्र आहे आणि देहाला काही व्याधी जडलेली नाही, त्याने आपण दुःखी असल्याचे सांगावे तरी कोणाला, आणि सांगितले तर ऐकणाऱ्याने ते खरे मानावे तरी कसे? म्हणून हे दुःख बहुधा मुकेच राहते. त्यातच उद्या काय होणार याचा ठाव लागेनासा झाला म्हणजे धडधाकट मनुष्यही आतून पोखरला जातो. रिता काळ आणि अनिश्चित काळ ही दोन संकटे एकत्र आली असता काय करावे? स्वतःकडे वळावे, स्वतःशी तुटलेले नाते पुन्हा जोडावे, असे उत्तर हल्ली सर्वत्र ऐकू येते. उत्तर कानाला गोड लागते. परंतु ज्याच्याकडे वळावयाचे तो 'स्वतः' कोण, आणि त्याच्याकडे वळल्याने पदरात काय पडते, याचा निर्णय झाल्यावाचून त्या उत्तराचा उपयोग नाही. ब्रह्मविद्याशास्त्राच्या आधारे तो निर्णय करणे, हे प्रस्तुत विवेचनाचे प्रयोजन होय.

आकुर्डीचे उदाहरण

विचार अधांतरी राहू नये यासाठी प्रथम एक प्रत्यक्ष उदाहरण घेणे इष्ट आहे. पुण्याच्या वायव्येस, मुंबईच्या रस्त्यावर आकुर्डी हे गाव आहे. शेजारच्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि त्यानंतर हा सारा परिसर कारखान्यांचा होत गेला. १९६० साली आकुर्डी येथे बजाज ऑटोच्या कारखान्याचे भूमिपूजन झाले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या गावांची मिळून एक नगरपालिका झाली व १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, सातारा, सोलापूर अशा ठिकाठिकाणांहून माणसे येथे येऊन कामगार झाली. १९७२ साली निघालेल्या 'चेतक' स्कूटरला पुढे इतकी मागणी आली की, नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मध्यमवर्गीय संसारातील ती वाट पाहण्याची वस्तू ज्या हातांतून तयार होत होती, त्या हातांना आपल्या कामाचा अभिमान वाटावा यात नवल नव्हते.

पुढे कंपनीचे कारखाने इतरत्रही निघाले. १९८५ साली वाळूज येथे, १९९९ साली चाकण येथे आणि २००७ साली उत्तराखंडातील पंतनगर येथे उत्पादन सुरू झाले. त्याच २००७ सालच्या सप्टेंबर महिन्यात आकुर्डीच्या कारखान्यातील उत्पादन थांबविण्यात आले. जकातीचा भार आणि वाढलेला उत्पादनखर्च ही कारणे त्या वेळी सांगण्यात आली. सुमारे २,७०० कामगारांचा प्रश्न उभा राहिला. कामगार संघटनेने या निर्णयाला विरोध केला. काम थांबले तरी कामगारांचे वेतन चालू राहील, असे चालकांनी जाहीर केले होते. नंतर स्वेच्छानिवृत्तीचा मार्गही त्यांच्यापुढे ठेवण्यात आला.

या घटनेच्या औद्योगिक बाजूचा विचार येथे कर्तव्य नाही. विचार करावयाचा तो एका विलक्षण स्थितीचा. वेतन आहे आणि काम नाही, आजचा दिवस सुरक्षित आहे आणि पुढच्या वर्षाचा भरवसा नाही, अशी ती स्थिती. बाहेरचा मनुष्य म्हणेल की, हे तर भाग्यच. घरी बसून पगार कोणाला मिळतो? परंतु वीस-पंचवीस वर्षे ज्याची झोप, ज्याचे जेवण, ज्याचे सणवार पाळीच्या वेळापत्रकाने ठरत आले, त्याच्या बाबतीत केवळ काम थांबत नाही. 'ऊठ' म्हणणारा थांबतो, 'चल' म्हणणारा थांबतो, आणि कोण आहेस या प्रश्नाला हजेरीच्या क्रमांकासह जे तयार उत्तर होते तेही थांबते.

वेळेचे काय होते

असा रिता काळ मनुष्याचे काय करतो, याचा बारकाईने शोध ऑस्ट्रिया देशात पूर्वीच घेण्यात आलेला आहे. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गाव आहे. तेथील कापडाची गिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि बहुतेक सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी १९३१-३२ मध्ये तेथील लोकजीवनाचे निरीक्षण केले व १९३३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अभ्यासकांनी घड्याळ घेऊन लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. ज्यांना कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नव्हते ते पुरुष सावकाश चालत आणि वाटेत वारंवार थांबत. दिवसभरात काय केले हे लिहून देण्यास सांगितले, तेव्हा पुष्कळांना उठणे, जेवणे आणि निजणे यांपलीकडे सांगण्याजोगे फारसे आठवेना. आश्चर्याची गोष्ट ही की, वाचण्यास वेळच वेळ असूनही गावच्या ग्रंथालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ घटले. स्त्रियांची स्थिती मात्र निराळी होती. गिरणी बंद झाली तरी चूल बंद झाली नव्हती. त्यांचा दिवस कामाने भरलेला होता, आणि रस्त्यातून त्या पुरुषांपेक्षा लवकर चालत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मोकळा वेळ मिळाला म्हणजे मनुष्य आपोआप ज्ञानाकडे, साधनेकडे अथवा आवडीच्या कामाकडे वळतो, ही समजूत खोटी आहे. 'निवृत्त झाल्यावर नामस्मरण करू, मुले मार्गी लागली म्हणजे शास्त्र ऐकू' असे म्हणणाऱ्या प्रत्येक वासनिकाने हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रिता काळ हा वाढून ठेवलेला प्रसाद नाही. ती पडीक जमीन आहे. नांगरली नाही तर तीत तणच माजते.

कंटाळ्याचे स्वरूप

विश्रांती, आळस आणि कंटाळा यांत भेद आहे. श्रमलेला मनुष्य विसावतो, ती विश्रांती. करण्याजोगे काम समोर असता ते करावेसे वाटत नाही, तो आळस. कंटाळ्यात मात्र मनुष्याला काहीतरी करावेसे उत्कटतेने वाटते आणि कशातही मन लागत नाही. इच्छा जागी असते, विषय सापडत नाही. म्हणून कंटाळलेला मनुष्य स्वस्थ बसत नाही. तो दारात जाऊन येतो, हातातील मोबाईल पुनःपुन्हा उघडून पाहतो, भूक नसता खातो, कारण नसता भांडतो. त्याला टाळावयाची असते ती एकच सोबत, आणि ती त्याची स्वतःची.

आयुष्यभर जीव प्रपंचाच्या संगतीने आपली ओळख ठरवीत असतो. पाणी ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेते. तसा कारखान्यात गेला की जीव स्वतःला कामगार म्हणतो, घरी आला की बाप म्हणतो, बाजारात गेला की गिऱ्हाईक म्हणतो. भांडे काढून घेतले म्हणजे पाणी सैरावैरा वाहू लागते. त्या सैरावैरा वाहण्याचे नाव कंटाळा. त्याचा उपाय म्हणून मनुष्य दुसरे भांडे शोधतो. त्याला विरंगुळा म्हणतात. विरंगुळा निंद्य नाही, परंतु तो उत्तरही नाही. भांड्यावाचून असता आपण काय आहोत, हा प्रश्न तसाच राहतो.

जीव बद्धमुक्त आहे

या प्रश्नाला ब्रह्मविद्याशास्त्राने दिलेले उत्तर स्वच्छ आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ शास्त्राने मानिले. परमेश्वर नित्यमुक्त. देवता नित्यबद्ध. प्रपंच जड. राहिला जीव, त्यास शास्त्र बद्धमुक्त म्हणते. तो अनादि अविद्येने बद्ध आहे आणि परमेश्वराच्या कृपेने मुक्त होण्यास योग्य आहे. हा शब्द अभ्यासाच्या वेळी पाठ केला जातो आणि पुष्कळदा तेथेच सोडला जातो. रित्या काळात तो पुन्हा उचलून पाहिला असता त्याचा अर्थ उलगडतो.

नित्यमुक्ताला अनिश्चितता नाही, कारण त्याला काही व्हावयाचे उरलेले नाही. नित्यबद्धालाही या अर्थाने अनिश्चितता नाही, कारण त्याची स्थिती पालटावयाची नाही. ज्याचे अद्याप ठरावयाचे आहे असा एकटा जीवच. तेव्हा उद्याचा भरवसा नसणे ही जीवावर बाहेरून कोसळलेली आपत्ती आहे, असे म्हणता येत नाही. ते त्याचे लक्षणच आहे. नोकरी होती तेव्हाही तो अनिश्चितच होता. दर महिन्याच्या पगाराने त्या अनिश्चिततेवर पांघरूण घातलेले होते. पांघरूण ओढले गेले म्हणजे जीव दचकतो आणि त्याला वाटते की, हे संकट आज आले. वास्तविक आज आलेले असते ते दर्शन. आणि ज्याचे अद्याप ठरावयाचे आहे त्याच्यासाठीच उपदेशाचे द्वार उघडे असते. ज्या लक्षणाने जीव भयभीत होतो, तेच त्याच्या उद्धाराची जागा आहे.

आकुर्डीचाच पुढील इतिहास पाहिला तर भय आणि आशा या दोहोंचे खोटेपण कळून येते. २००९ साली बजाजने स्कूटरचे उत्पादनच सोडून देण्याचे जाहीर केले. आता आकुर्डीत स्कूटर कधीच तयार होणार नाही, असे त्या दिवशी कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात कोणी काढले नसते. तथापि २०२२ सालच्या जून महिन्यात त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या 'चेतक'च्या निर्मितीचा नवा कारखाना सुरू झाला. म्हणजे सर्व संपले हे भाकीत खोटे ठरले. आणि आज ना उद्या सारे पूर्वीसारखे होईल, हे भाकीतही खोटे ठरले. कारण नाव तेच असले तरी स्कूटर निराळी, यंत्रे निराळी, आणि मध्ये १५ वर्षे लोटलेली. भय धरणारा आणि आशा धरणारा हे दोघेही भविष्य आपल्याला ठाऊक असल्याचा आव आणतात. अनिश्चिततेचे पुष्कळसे दुःख या आव आणण्यातून येते. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द ज्याला शांतपणे म्हणता आले, त्याचे अर्धे ओझे उतरले.

पहिली शंका

येथे शंका अशी की, जीव जर अनादि अविद्येने झाकलेला आहे, तर आत वळून त्याला अंधारावाचून दुसरे काय दिसणार? मग स्वतःकडे वळण्यापेक्षा विरंगुळाच बरा नव्हे काय?

समाधान. शंका रास्त आहे, आणि आजकालच्या गोड उपदेशात तिचे उत्तर मिळत नाही. आत वळताच आनंदाचा झरा लागेल, असे आश्वासन या शास्त्राने दिलेले नाही. जीव निराळा आणि परमेश्वर निराळा. जीवाने कितीही खोल खणले तरी तो स्वतःतून परमेश्वर काढू शकत नाही. आत वळल्यावर प्रथम दिसतात ते विकार आणि विकल्प. हे हवे होते आणि मिळाले नाही, तो पुढे गेला आणि आपण मागे राहिलो, घरात आता आपल्याला कोण विचारतो, असे ते असतात. हे दर्शन सुखाचे नाही. म्हणूनच जीव कंटाळ्याच्या मिषाने तेथून पळतो. परंतु रोग्याला आपला रोग कळणे हे आरोग्य नसले, तरी रोग कळल्यावाचून कोणी वैद्याच्या दारी जात नाही. आपले दैन्य पाहिल्यावाचून अनुताप नाही, अनुतापावाचून आर्ती नाही, आणि ज्याला आर्ती नाही त्याची हाक ओठांतून निघते, अंतःकरणातून निघत नाही. स्वतःकडे वळणे हा मुक्काम नाही. परमेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवरील ते आवश्यक वळण आहे. तेथेच घर बांधून राहणारा मनुष्य काही काळाने स्वतःलाही कंटाळतो.

दुसरी शंका

दुसरी शंका अशी की, हा सारा विचार भरल्या पोटाचा आहे. ज्याच्या घरी रात्रीच्या भाकरीची भ्रांत आहे, त्याला विकार-विकल्प तपासण्यास सांगणे ही क्रूरता नव्हे काय?

समाधान. होय, ती क्रूरताच होय. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील यंत्रे थांबली. तेव्हा पगार चालू असलेल्या कायम कामगाराला दिवस कसा काढावा ही चिंता होती. कंत्राटी व रोजंदारीच्या मजुराला रात्र कशी काढावी ही चिंता होती. अनेक परप्रांतीय मजूर मिळेल त्या साधनाने, आणि काही पायीही, आपापल्या गावांकडे निघाले. या दोघांना एकाच मुखाने एकच उपदेश करणे अविचाराचे आहे.

भिक्षेचे उदाहरण येथे प्रकाश देते. साधू भिक्षेस निघतो तेव्हा झोळीत काय पडेल, किती पडेल, हे त्याला ठाऊक नसते. ती अनिश्चितता त्याने जाणून स्वीकारलेली आहे. तिच्यामुळे त्याचा अहंकार झडतो. मजुराची अनिश्चितता त्याच्यावर लादलेली आहे. तिच्यामुळे त्याची मुले उपाशी राहतात. लादलेल्या अनिश्चिततेला वैराग्य म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या उपासमारीला व्रत म्हणणे होय. म्हणून भुकेल्यास प्रथम अन्न द्यावे, आणि ज्याचे हक्काचे आहे त्यास ते मिळावे यासाठी साह्य करावे. आपल्या मजुरीसाठी दाद मागणे हे स्वतःकडे वळण्याच्या आड येत नाही. उलट, ज्याच्या अंतःकरणात भय कमी झाले आहे, तोच आपले म्हणणे द्वेषावाचून आणि लाचारीवाचून मांडू शकतो. मात्र ज्याचे पोट भरलेले आहे त्याने भुकेल्याच्या दुःखाआड लपून स्वतःचा हिशेब टाळू नये. त्याचा रिता काळ त्यालाच जाब विचारणार आहे.

तिसरी शंका

तिसरी शंका वासनिकांकडून बहुधा विचारली जात नाही, परंतु मनात असते. ज्यांनी संसार सोडून अनुसरण घेतले, त्यांना कंटाळा येतो काय?

समाधान. येतो. भोंगा कारखान्यातच असतो असे नाही. मठातही असू शकतो. उठण्याची वेळ, पूजेची वेळ, पारायणाची वेळ, भोजनाची वेळ यांच्या आधारे दिवस ढकलला गेला आणि अंतःकरण त्यात नसले, तर मठ आणि कारखाना यांत भेद तो किती राहिला? ही अडचण एकाच मार्गाची नाही. इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात राहणाऱ्या इव्हॅग्रियस या ख्रिस्ती तपस्व्याने तिचे वर्णन केलेले आहे. ऐन दुपारी तपस्व्याला वाटू लागते की, सूर्य जागचा हलतच नाही. तो खिडकीकडे पाहतो, भोजनाची वेळ किती दूर आहे हे पाहतो, राहत्या जागेचा त्याला वीट येतो, सोडून आलेले आप्त आठवतात, आणि दुसऱ्या ठिकाणी गेलो असतो तर साधना सुकर झाली असती असे वाटते. देश निराळा, धर्म निराळा. जीवाची पळवाट तीच.

या पळवाटेची विशेष भीती अनुसरलेल्यास आहे, कारण आपल्या मार्गातील चारही साधनांची खोटी नाणी कंटाळा पाडू शकतो. आसक्ती तुटावी म्हणून अटन सांगितले. कंटाळा माणसाला गावोगाव हिंडवितो आणि त्या हिंडण्याला अटन म्हणवितो. जनसंगापासून सुटून स्मरण घडावे म्हणून विजन सांगितले. कंटाळा झाडाखाली निजवितो आणि त्याला विजन म्हणवितो. रसनेचा लोभ सुटावा म्हणून भिक्षा सांगितली. कंटाळा चांगल्या अन्नाची घरे लक्षात ठेवतो. परमेश्वराच्या लीळा अंतःकरणात जाग्या राहाव्या म्हणून स्मरण सांगितले. कंटाळा ते मोजण्याचे काम करून टाकतो. खरे आणि खोटे नाणे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. आजचे साधन एखाद्या दिवशी कोणी पाहणारे नसताना, कोणी विचारणारे नसताना, आणि त्यातून काही गोडी वाटत नसतानाही घडते काय? घडत असेल तर ते खरे.

असन्निधानातील कार्य

रिता आणि अनिश्चित काळ संप्रदायाच्या प्रारंभीच येऊन गेलेला आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांचा दिवस सन्निधानाने भरलेला होता, त्या भक्तजनांचा काळ एकाएकी रिता झाला. ज्यांना विचारावे ते समोर नाहीत, पुढे काय करावे हे ठाऊक नाही, अशी ती अवस्था. श्रीनागदेवाचार्य व इतर भक्तजन ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. पुढे श्रीगोविंदप्रभूंनीही अवतारकार्य संपविले. आता तर असन्निधानच राहिले.

त्या रितेपणात या मंडळींनी काय केले हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी विरह विसरण्यासाठी दुसरा उद्योग शोधला नाही, आणि विरहातच बुडूनही राहिले नाहीत. त्यांनी स्मरण केले, आणि तेही नेटाने. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकल्या. ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन माहिती घेतली आणि लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ रित्या काळाच्या पोटी जन्मला. पुढे खालशाच्या धाडीत मूळ प्रत गेली, तेव्हा पुन्हा स्मरणातूनच पाठ उभे करण्यात आले. एकाला जसे आठवते तसे दुसऱ्याला आठवत नाही, असा प्रसंग आला असता निराळे स्मरण 'वासना' म्हणून ज्याचे त्याच्या नावासह नोंदविण्याची रीत पडली. जे निश्चित नाही ते निश्चित असल्याचे दाखविण्याचा मोह त्या पूर्वजांनी टाळला. अनिश्चिततेत सचोटीने कसे राहावे याचा हा वस्तुपाठ होय.

आचरणाचा विचार

वासनिकाने यातून काय घ्यावे? अनुसरलेल्याचा संपूर्ण आचार गृहस्थाला शक्य नाही. परंतु त्याची छाया आपल्या दिवसावर पडू देणे त्याला शक्य आहे. त्याने दिवसातील एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, राखून ठेवावी. आकुर्डीसारख्या ठिकाणी पाळी आठवड्याआठवड्याने पालटते. म्हणून अमुक वाजता असा नेम धरला तर तो मोडतो. कामावरून आल्यावर हातपाय धुतल्यानंतरची घटका असा नेम धरला तर तो पहिल्या पाळीसही टिकतो आणि रात्रपाळीसही टिकतो. ज्याला पाळीच नाही, त्याने झोपेतून उठल्यानंतरची घटका धरावी. त्या घटकेत हाताशी काही साधन असू नये. प्रथम जे मनात येते ते येऊ द्यावे आणि त्याला त्याचे खरे नाव द्यावे. भय असेल तर भय म्हणावे, मत्सर असेल तर मत्सर म्हणावे, आपण मोठे होतो आणि आता नाही असे वाटत असेल तर त्याला अभिमान म्हणावे. पहिल्या काही दिवसांत ही घटका फार लांब वाटेल. ती लांब वाटणे हीच तिची गरज असल्याची खूण आहे. त्यानंतर एक लीळा आठवावी, तिच्यातील स्थान, प्रसंग आणि कोण काय बोलले हे सावकाश मनात आणावे, आणि शेवटी नाम घ्यावे. वाचण्यापेक्षा आठवण्यावर भर असावा. कारण वाचताना ग्रंथ बोलतो, आठवताना स्वतःला उठावे लागते.

यानंतर दुसऱ्याकडे वळणे अगत्याचे आहे, आणि त्याचा आरंभ घरापासून करावा. मारिएन्थालच्या स्त्रियांप्रमाणे आकुर्डीच्या घरातही स्त्रीची पाळी कधी सुटत नाही. पुरुषाला काळ खावयास उठतो आणि त्याच घरात स्त्रीला एक घटका मिळत नाही, ही विसंगती पुष्कळ घरांत आहे. घरी बसलेल्या पुरुषाने पाणी भरावे, धान्य निवडावे, भाजी चिरावी, नातवंडांना शाळेत सोडावे. त्यात त्याला काम मिळते आणि तिला विजन मिळते. दास्याची भाषा करणाऱ्याने स्वतःच्या चुलीपाशी ती प्रथम खरी करून दाखवावी. तेथून पुढे शेजारचा आजारी, नव्याने गावाहून आलेला कंत्राटी पोरगा, एकटा पडलेला वृद्ध, यांच्यापर्यंत वाट आपोआप जाते.

तात्पर्य असे की, कंटाळा आला म्हणजे साधना बिघडली असे समजू नये आणि अनिश्चितता आली म्हणजे परमेश्वराने टाकले असेही समजू नये. जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे त्याचे अद्याप ठरावयाचे आहे, याची ती आठवण होय. उद्धार परमेश्वराच्या हाती आहे. आपले दैन्य ओळखून त्याच्याकडे तोंड करणे एवढेच जीवाच्या हाती आहे. काम असताना हे करण्यास सवड मिळत नाही अशी तक्रार असते. काम सुटले, पाळी थांबली, उद्याचा दिवस दिसेनासा झाला, तेव्हा ती तक्रार करण्यास जागा उरत नाही. त्या दिवशीची एक घटका जरी कोणाच्या हाकेवाचून, आपल्या आर्तीने परमेश्वराच्या स्मरणात गेली, तरी तो दिवस रिता गेला असे म्हणता येणार नाही.